बैलाची वाटी चढणें व तीवरील शस्त्रोपचार

थंडीच्या दिवसांत सकाळीं बैल गोठ्यांतून बाहेर काढला कीं त्याचा मागचा एक पाय काठीसारखा ताठ राहतो, खुराचें टोंक जमिनीवर फरफटत जातें, आणि कांहीं पावलांनंतर तोच पाय झटका बसल्यासारखा एकाएकीं पुढें येतो, हा प्रकार आमच्या बहुतेक वाचकांनीं कधीं ना कधीं पाहिलेला असेल. दुपारीं तोच बैल बरा चालतो, म्हणून धनी निश्चिंत राहतो. पुढें पुढें पाय दिवसभर अडकूं लागतो, बैल औतास निरुपयोगी ठरतो व मिळेल त्या किमतीस बाजारांत जातो. ऐन पेरणीच्या तोंडावर जोडींतील एक बैल असा अडला, म्हणजे दुसराही दावणीस उभा राहतो. हा रोग बहुधा बरा होण्यासारखा असतां असाध्य समजून चांगलें जनावर फुकट जाऊं नये, यास्तव त्याविषयीं पशुवैद्यकशास्त्रांत जें ठरलें आहे तें येथें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

सांध्याची रचना

बैलाच्या मागच्या पायाचा जो मधला सांधा मागें कोपर काढल्यासारखा दिसतो, त्यास पुष्कळ लोक गुडघा समजतात. परंतु तो माणसाच्या घोट्याच्या जागीं आहे. खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कडेस, कुशीच्या खालीं असतो व त्याच्या पुढच्या अंगास माणसाप्रमाणेंच वाटी असते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोंकास पुढून एक पन्हळ असून तिच्या दोन्ही कडांस उंचवटे आहेत. पाय वांकतांना व सरळ होतांना वाटी या पन्हळींतून खालींवर सरकते.

माणसाच्या वाटीस नडगीच्या हाडाशीं बांधणारा बंध एकच असतो. बैल, म्हैस व घोडा यांस असे तीन बंध असतात, आंतला, मधला व बाहेरचा. शिवाय पन्हळीचा आंतला उंचवटा बाहेरच्याहून बराच मोठा असतो. त्यामुळें माणसाची वाटी निसटली तर बहुधा बाहेरच्या बाजूस जाते. बैलाची मात्र बहुधा वर चढते, आणि खुंटीस दावें अडकावें तसा आंतला बंध त्या मोठ्या उंचवट्यावर अडकून बसतो. घोड्यास हीच रचना उपकारक आहे. तो उभ्याउभ्या विसांवा घेतो तेव्हां वाटी अशीच अडकवून पायाचे स्नायू मोकळे सोडतो. अडकलेली वाटी जनावरास वेळेवर सोडवितां आली नाहीं, म्हणजे तोच रोग होय.

रोगाची ओळख

वाटी क्षणभर अडकून सुटत असेल, तर पायास झटका बसतो. सुटतच नसेल, तर पाय मागें ताणलेला राहतो व वांकत नाहीं. एका पायास हा रोग होतो, तसाच दोन्ही पायांसही होतो. उठल्याबरोबर व थंडींत तो अधिक दिसतो. जनावर चालून अंग तापलें कीं कमी भासतो. मागच्या खुराचें टोंक घासून बोथट होतें, ही खूण लपवितां येत नाहीं. यास्तव बाजारांत बैल घेतांना पुढच्या दांतांबरोबर मागचे खूरही पाहावे, आणि शक्य तर तो बसलेला असतां उठवून लगेच चालवून पाहावा.

कारण एकच असें सांगतां येत नाहीं. मागचे पाय जात्याच फार सरळ असणें, उपासमारीनें मांडीचे स्नायू रोडावणें, कष्टाचें काम, घसरणें व मार लागणें हीं कारणें मानिलेलीं आहेत. ठेवण आईबापांकडून येत असल्यामुळें असा दोष असलेला वळू पैदाशीस लावूं नये, हें आमच्या मतें शहाणपणाचें आहे.

दुसरे कांहीं रोग यासारखे भासतात. वासराची वाटी बाहेरच्या बाजूस सरकली, तर पाय ताठ न होतां मुडपतो व भार घेत नाहीं. अडलेल्या विण्यांत मांडीची नस दुखावल्यानें असें होऊं शकतें. सांध्याची सूज, खुबा निखळणें हे रोगही निराळे आहेत, व प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. यास्तव निदान डॉक्टरांकडूनच करवावें.

डाग देण्याविषयीं

आपल्याकडे अशा बैलाच्या मांडीवर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची किंवा बिब्बा लावण्याची चाल आहे. पुष्कळ अनुभवी शेतकरी गुण आल्याचें सांगतात. ते खोटें बोलतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हा रोग ऋतूप्रमाणें कमीअधिक होतो, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. माघांत डाग दिला आणि चैत्रांत बैल सुधारला, तर गुण डागाचा कीं उन्हाचा, हें एका बैलावरून ठरत नाहीं. रुग्ण जनावरांवरील संशोधनाचें प्रयोजन नेमकें हेंच आहे. अनेक जनावरें घ्यावयाचीं, त्यांचें वय, पाय व ऋतु लिहून ठेवावयाचा, उपचाराप्रमाणें त्यांचे गट पाडावयाचे, आणि प्रत्येकाची चाल कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तपासावयाची. डागानें कातडें जळतें, वेदना होतात, जखमेंत किडे पडतात. आणि अडकणारा बंध होता तसाच राहतो.

शस्त्रक्रिया

खरा उपाय म्हणजे आंतला बंध, तो नडगीच्या हाडास जेथें चिकटतो त्या ठिकाणाजवळ, कापणें. खुंटीवर अडकणारें दावेंच तुटलें म्हणजे वाटी अडकण्यास कांहीं राहत नाहीं; उरलेले दोन बंध ती जागेवर धरतात व बैल काम करूं शकतो. पाय कायमचा अडकलेला असला, तर बंध तुटतांच तो तेथल्या तेथें वांकूं लागतो. हा गुण ऋतूवर अवलंबून नसतो, हीच या उपायाची मोठी साक्ष होय.

ती करण्याच्या दोन पद्धती आहेत. उघड्या पद्धतींत कातडें चिरून बंध डोळ्यांनीं पाहून कापतात व टांके घालतात. बंद पद्धतींत लहानसें छिद्र पाडून, बोथट टोंकाचें बारीक वांकडें शस्त्र बंधाखालीं आडवें सरकवितात, व मग धार बंधाकडे फिरवून तो तोडतात. पहिलींत चूक होण्याचा संभव कमी, पण जखम मोठी. दुसरींत वेळ थोडा व जखम लहान, पण सर्व भिस्त बोटांच्या स्पर्शावर. चुकून मधला बंध तुटला किंवा सांध्यांत घाण शिरली, तर जनावर कायमचें अधू होतें. जनावर पाडून दुखरा पाय खालच्या अंगास ठेवून, किंवा शांत बैल उभाच ठेवून, दोन्ही प्रकारें हें काम होतें.

जागा बधिर करण्यास वापरतात तें लिग्नोकेन स्वीडनमध्यें १९४३ सालीं तयार झालें, व गुंगीचें झायलाझिन जर्मनींत १९६२ सालीं. हें दुसरें औषध घोड्यास लागतें त्याच्या सुमारें दहाव्या हिश्शानेंच गुरांस पुरतें. अजाण माणसाच्या हातीं सुई देणें किती धोक्याचें, हें यावरून समजावें.

शेतकऱ्याचें काम

वाटी वाटेंतच अडकली, तर बैलास मारून ओढूं नये. पायास दोर बांधून पाय हळूहळू पुढें ओढावा व त्याच वेळीं दुसऱ्यानें वाटी आंत व खालीं दाबावी. पुष्कळदां ती सुटते. हा तात्पुरता इलाज आहे. रोग जात नाहीं. बैल रोड असेल तर पेंड व चांगली वैरण देऊन आधीं त्याचें अंग भरूं द्यावें. कोंवळ्या खोंडांत एवढ्यानेंही फरक पडण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेच्या आधीं वैरण किती वेळ बंद ठेवावी हें डॉक्टरांस विचारून तंतोतंत पाळावें, नाहींतर पाडल्यावर पोट फुगतें. नंतर जागा कोरडी ठेवावी, जखमेवर माशा बसूं देऊं नयेत, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस मानेवर जूं ठेवूं नये. बैल त्याच दिवशीं बरा चालतो म्हणून दुसऱ्या दिवशीं नांगरास जुंपणें, हें केलेलें काम बिघडविणें होय.

मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीं निघालें; आज नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथेंही अशीं महाविद्यालयें असून त्यांच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेची सोय असते. आमची वाचकांस एवढीच विनंती आहे कीं, दिवाळीच्या सुमारास पाय अडकूं लागला तर पेरणीची वाट पाहूं नये. उन्हाळ्यापूर्वीं उपचार झाला, म्हणजे मृगाच्या आधीं बैल जुंपण्यास सिद्ध होतो, व डागानें बिघडलेलें किंवा पडत्या किमतीस गेलेलें जनावर भरून काढण्यासाठीं कर्ज काढावें लागत नाहीं.