बैलासाठी माणसाचे औषध

आमच्या संघटनेत औषधदुकानांतले नोकर आहेत. त्यांच्याकडून ऐकलेली ही गोष्ट. नगर जिल्ह्यात उसाचा हंगाम लागला की एखादा गाडीवान दुकानात येतो, चिठ्ठी दाखवीत नाही, म्हणतो, "भाऊ, कमरेच्या दुखण्याचं इंजेक्शन द्या, पाच-सहा बाटल्या." दुखणे त्याचे नव्हे, लंगडणाऱ्या बैलाचे! हसू नका. बैल बसला तर उचल फिटत नाही, आणि डॉक्टरची फी त्याला जड जाते.

हे औषध डायक्लोफिनॅक. ते टोचलेले जनावर मेले व गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. शास्त्रज्ञांनी हे २००४ साली दाखवून दिले, आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. बदली औषध मेलॉक्सिकॅम तेव्हा महाग. म्हणून लोक माणसांसाठीची ३० मिलीची बाटली नेऊ लागले. २०१५ साली तीही गेली. आता ३ मिलीची, तीत ७५ मिलिग्रॅम औषध. चारशे किलोच्या बैलाला पाच-सहा तरी हव्यात. गाडीवानाचा हिशेब चोख असतो.

नोकराने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि मालकाची बोलणी याला बसतात. चिठ्ठीविना औषध न देणाऱ्याचा पगार कापू नये, एवढेच आम्ही मालकांकडे मागितले. दोघांनी लिहून दिले. बाकीच्यांशी बोलणे चालू आहे.