कडकनाथ : छोट्या कळपातील वंशसंवर्धन

मध्य प्रदेशातील झाबुआ परिसरात भिल्ल व भिलाला समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. मागणी वाढली, तशी भेसळही. कडकनाथचा काळेपणा संकरित पिल्लांतही बराच उतरतो. म्हणून केवळ रंग पाहून पैदाशीचे पक्षी घेणे फसवे ठरते.

परसात दहा-बारा पक्षी पाळणाऱ्या आपल्या पालकांपुढे याहून मोठा धोका आहे, तो नात्यातील पैदाशीचा. दहा माद्यांमागे एकच नर असेल, तर आनुवंशिक विविधतेच्या हिशेबाने तो कळप जेमतेम चार पक्ष्यांएवढा भरतो. दोन नर ठेवल्यास जवळजवळ सातांएवढा. विविधता आटली की अंडी कमी फुटतात, पिल्ले दुबळी निपजतात. यावर उपाय बिनखर्ची आहे. शेजारच्या तीन घरांनी तीन गट करावेत; तलंगा आपापल्या गटातच राहाव्यात आणि निवडलेले तरणे नर दरवर्षी ठरल्या क्रमाने पुढच्या घरी जावेत. खाद्यावर खर्च करणारे लोक नराच्या निवडीकडे दुर्लक्ष करतात, याचे नवल वाटते!

कडकनाथ मादी क्वचितच खुडूक होते, तेव्हा अंडी गावठी कोंबडीखाली उबवावीत. प्रत्येक अंड्यावर गटाची खूण पेन्सिलीने करावी आणि पिल्ले बाहेर पडताच त्यांच्या पायात त्या-त्या गटाचे कडे घालावे.