वाइंडिंगची वही

सटाण्यात मोटार जळाली की पहिला प्रश्न असतो, "कोणाकडे टाकली?" काय बिघडलं, खर्च किती, हे नंतर. मिस्तरीच्या नावावरूनच ऐकणारा अंदाज बांधतो की मोटार चार दिवसांत येणार की कांद्याचं पाणी चुकणार.

सटाण्याच्या या बागलाण तालुक्यात पाणी आधी असं एकेकट्याचं नव्हतं. आरम आणि मोसम नद्यांवर बंधारे होते, त्यांच्या पाटांवर शेतांचे मोठे पट्टे, म्हणजे फड, भिजायचे. पाणी फिरवायचं काम पाटकऱ्याचं, पण पाटातला गाळ काढायला फडातल्या सगळ्यांना यावं लागे. त्यामुळे पाट कुठे फुटतो आणि कुठे पाझरतो हे गावाला तोंडपाठ असे. पुढे ज्याची त्याची विहीर आली, विहिरीवर इंजिन आलं, आणि दुरुस्तीची विद्या एकाच माणसाच्या डोक्यात जाऊन बसली.

यंत्राची माहिती शेतकऱ्यापर्यंत मराठीतून पोचवायचा प्रयत्न तसा जुना. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 चा, आणि तिथून 'किर्लोस्कर खबर' निघालं 1920 मध्ये. मासिकाचं पुढे साहित्यात नाव झालं, पण मूळ काम कारखान्याची खबर देण्याचं. छापील माहिती मात्र यंत्र कसं चालवायचं इथवरच पोचायची. बिघाड ओळखणारा इंजिनवाला मिस्तरी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचा आणि ठोका कुठे पडतोय ते सांगायचा. हे कागदावर कसं उतरवणार? शिवाय उतरवायची इच्छाही नसायची. टॅपेटचा गॅप लावायची वेळ आली की उस्ताद पोऱ्याला नेमका चहा आणायला पिटाळत, असं त्या काळातले पोरे आज स्वतः उस्ताद होऊन हसत सांगतात.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झालं. मग खांब आले आणि 1972 च्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल गेल्या. विजेची मोटार आली, तिच्यामागोमाग रिवाइंडिंगची दुकानं आली आणि दुकानात वही आली. माझ्या मते आमच्याकडची दुरुस्तीची विद्या खऱ्या अर्थाने लिहिली गेली ती या वहीत. तेलकट, कोपरे झिजलेली, वर वार्निशचे थेंब. एका ओळीत एक मोटार: कंपनी, पाच एचपी, 1440 आरपीएम, 36 स्लॉट, तारेचा गेज, टर्न किती, पिच 1-8, 1-10, 1-12, कनेक्शन स्टार की डेल्टा. जळालेली कॉइल कापून तारा मोजायच्या, मायक्रोमीटरने जाडी घ्यायची, वहीत टाकायची. तीच मोटार पुन्हा आली की मोजायची गरज नाही. पोऱ्या दुकान सोडून नामपूरला किंवा ताहाराबादला स्वतःचं दुकान टाकायचा तेव्हा सोबत न्यायचा तो या वहीची नक्कल.

गोम इथेच आहे. एखाद्या मिस्तरीने तांबं वाचवायला एक गेज बारीक तार भरली, तर पुढच्या वेळी मोटार उघडणारा तीच मोजतो आणि वहीत लिहितो. मग ती नकलेत जाते. मूळची चोरी तीन दुकानं पुढे 'डेटा' होऊन बसते, आणि शेतकरी म्हणतो, या कंपनीच्या मोटारी जळतातच.

वहीत दुसरी एक गोष्ट नव्हतीच: मोटार का जळाली? जळालेली वाइंडिंग वाचता येते. स्टार कनेक्शनच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या कोऱ्या असतील, तर एक फेज गेला असताना ती चालत राहिली. सगळ्या सारख्या भाजल्या असतील तर व्होल्टेज कमी होतं किंवा पंप अडकला होता. एकाच स्लॉटमध्ये डाग असेल तर तिथलं इन्सुलेशन फाटलं. जाणता मिस्तरी हे एका नजरेत बघतो, चहा पिताना सांगतोही, आणि मग कॉइली कापून भंगारात टाकतो. रात्री लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच तसाच राहतो, मोटार दोन महिन्यांत परत येते.

चहाच्या टपरीवरच्या या गप्पांना कमी लेखू नये. झेरॉक्सच्या दुरुस्तीवाल्यांमध्ये वावरून ज्युलियन ऑर या अभ्यासकाने 'टॉकिंग अबाउट मशिन्स' हे पुस्तक लिहिलं, 1996 मध्ये. ती माणसं कंपनीच्या छापील पुस्तकापेक्षा एकमेकांना सांगितलेल्या किश्शांवर जास्त विसंबून होती. कंपनीने पुढे त्यांच्याच युक्त्या गोळा करून सगळ्यांना खुल्या केल्या. आमच्याकडे हे काम व्हॉट्सअ‍ॅपने केलं. आता वहीच्या पानाचा फोटो मालेगावहून मिनिटात येतो. फक्त फोटोत आकडेच असतात, किस्सा टपरीवरच राहतो.

आता सौर पंप आलेत: 2019 ची कुसुम योजना, मग 2024 ची 'मागेल त्याला सौर कृषीपंप'. कंट्रोलर बंद पडला की पडद्यावर नुसता कोड येतो. पाच वर्षं देखभाल पुरवठादाराची, म्हणून मिस्तरीने हात लावायचा नाही. तरी शेतकरी कोडचा फोटो आधी त्यालाच पाठवतो. परवा दुकानात गेलो तर वही उलटी करून मागच्या बाजूने नवी पानं सुरू केलेली दिसली. रकाने तीनच: कंपनी, कोड, कशामुळे. एकच ओळ भरली होती. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'पॅनेलवर शेवग्याची सावली.'