निष्कलंक गर्भसंभव : नवदीक्षितांचा एक गैरसमज

मरियेचा 'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे कुमारीच्या उदरी येशूचा संभव, असा अर्थ नवदीक्षित कॅथॉलिक अनेकदा घेतात. 'कलंक' शब्दाने शरीरसंबंध सुचतो, हे त्याचे एक कारण असावे. वस्तुतः नववे पोप पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी घोषित केलेला हा सिद्धांत मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाविषयी आहे. ८ डिसेंबरच्या या सणानंतर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, तिचा जन्मोत्सव येतो. वांद्र्याची जत्रा त्याच उत्सवाची. येशूच्या गर्भसंभवाचा सण २५ मार्चला असतो.

मरियेला तारणाची गरजच नव्हती, हा गैरसमज अधिक गंभीर होय. सिद्धांतानुसार ती ख्रिस्ताच्या पुण्याईनेच मूळ पापापासून मुक्त राहिली. इतरांचा तो डाग बाप्तिस्म्याने पुसला जातो. तिला तो लागूच दिला गेला नाही.