उत्तर आधीच ठाऊक असलेले विश्व : एका शालेय संशोधनातील सिम्युलेशन

सिम्युलेशन म्हटले की आपल्या वर्गांत पडद्यावर हलणारे रंगीत चित्र डोळ्यांसमोर येते. प्रयोगशाळेत उपकरण नसल्यास त्याची उणीव भरून काढणारे साधन, एवढाच त्याचा अर्थ उरतो. क्रिस्टीन ये हिचे संशोधन पाहता तो अपुरा ठरतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील या शालेय विद्यार्थिनीला २०२२ साली 'रिजेनेरॉन सायन्स टॅलेंट सर्च' या १९४२ पासूनच्या स्पर्धेत अडीच लाख डॉलरचे प्रथम पारितोषिक मिळाले.

१४ ऑगस्ट २०१९ रोजी लायगो व व्हर्गो या वेधशाळांनी एका टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. त्यातील कृष्णविवर सूर्याच्या सुमारे २३ पट जड होते. दुसरी वस्तू मात्र २.६ पट. न्यूट्रॉन तारा म्हणावे तर फार जड, कृष्णविवर म्हणावे तर फार हलकी! परंतु स्वतःभोवती अतिवेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा न फिरणाऱ्यापेक्षा अधिक वस्तुमान पेलू शकतो. असे तारे असतील आणि कमाल वस्तुमान काढताना त्यांचे परिवलन जमेस धरले नाही, तर उत्तर चुकते. हा या कामाचा गाभा आहे.

हाताशी घटना मात्र अवघ्या चार होत्या. अशा वेळी पद्धतीवर विश्वास कसा ठेवावा? येथे सिम्युलेशन उपयोगी पडते. संशोधक संगणकात स्वतःच एक विश्व रचतो, ताऱ्यांचे कमाल वस्तुमान आपणच ठरवतो, कृत्रिम टकरी घडवतो, मोजमापातील त्रुटीही मिसळतो. मग आपली पद्धत तेच मूल्य परत काढून देते का, ते पाहतो. माया फिशबॅक या खगोलशास्त्रज्ञांसह लिहिलेल्या शोधनिबंधात, काही सुलभ गृहीतके धरल्यास, अशा १५० घटनांवरून न फिरणाऱ्या ताऱ्याची मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या ०.०२ पट इतक्या अचूकतेने सांगता येईल, असे दाखविले आहे. पारितोषिकाच्या बातम्यांत ही बाजू क्वचितच येते.

लायगोची माहिती सर्वांसाठी खुली आहे, आणि २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ नियोजित आहे. वर्गात मात्र एका नाण्यानेही सुरुवात करता येते. छापा पडण्याची शक्यता अध्यापकाने ०.६ ठरवून गुप्त ठेवावी, संगणकाकडून आधी ४ व नंतर १५० वेळा नाणे उडवून घ्यावे आणि ती संख्या विद्यार्थ्यांना शोधू द्यावी.