एका रुपयाचं वजन

२०११ साली निघालेल्या मालिकेतली एक रुपयाची तीन नाणी घ्या आणि एखाद्या सराफाला विनंती करून त्याच्या काट्यावर ठेवा. एकेक नाणं ३.७९ ग्रॅमचं, तिघांचं मिळून ११.३७ ग्रॅम. आता ती उचला आणि आजीच्या पेटीतला राणीछाप चांदीचा एकच रुपया ठेवा. काटा ११.६६ दाखवेल. आजचे तीन रुपये मिळून त्या एका रुपयाची बरोबरी करू शकत नाहीत.

गंमत पुढेच आहे. ११.६६ ग्रॅम म्हणजे जुना एक तोळा. कंपनी सरकारने रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरवलं आणि तोच तोळा धरला. चलन आणि वजन एकाच तुकड्यात. ज्या जळगावची सराफपेठ आजही तोळ्यात बोलते (तो तोळा आता दहा ग्रॅमचा झाला आहे), त्या जिल्ह्यात हे सांगताना मला फार बरं वाटतं. मात्र मी लिहिणार आहे ते जळगावच्या सोन्याबद्दल नाही. लिहायचंय ते पहूरच्या चिल्लरीबद्दल.

पहूर हे जामनेर तालुक्यातलं, वाघूर नदीकाठचं गाव. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग. जळगावहून अजिंठ्याकडे आणि पुढे छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता इथूनच जातो, आणि पाचोरा-जामनेरची वाटही इथेच त्याला छेदते. लेणी बघायला निघालेले प्रवासी, कापसाचे ट्रक, एसटी, काळीपिवळी, सगळं इथे चहाला थांबतं. अशा चौफुलीवरच्या टपरीचा गल्ला म्हणजे नाणी जमवणाऱ्याची चंगळ. प्राचीन सोन्याचांदीची नाणी जमवायला पैसा आणि पारख दोन्ही लागतं. साध्या धातूंची, कालपरवापर्यंत हातात खेळलेली नाणी जमवायला पुरतो तो एक लोहचुंबक, एक भिंग आणि टपरीवाल्याशी दोन गोड शब्द.

आधी चुंबक काढा. गल्ल्यातला १९९२ नंतरचा कुठलाही एक रुपया त्याला टपकन चिकटतो. साहजिक आहे, तो पोलादी आहे: साधारण ८३ टक्के लोखंड, १७ टक्के क्रोमियम. आता १९७५ ते १९९१ मधला एखादा रुपया मिळाला तर तो लावून पाहा. ढिम्म हलत नाही. तो कुप्रोनिकेलचा, म्हणजे तीन हिस्से तांबं आणि एक हिस्सा निकेल. आणि कुणाच्या देव्हाऱ्यातून १९६२चा रुपया हाती आला तर? तो पुन्हा चिकटतो! त्यात लोखंडाचा कणही नाही. तो शुद्ध निकेलचा आहे आणि निकेलला लोखंडासारखीच चुंबकाची ओढ असते. पुरेसं तांबं मिसळलं की ती ओढ मरते. घरातल्या चांगल्या प्रतीच्या स्टीलच्या ताटाला चुंबक लावला तर तोही घसरून पडतो. तिथला खेळ उलटा आहे. लोखंडही ओढलं जाणारं, निकेलही ओढलं जाणारं, पण पुरेसं निकेल पडलं की पोलादाची आतली रचनाच बदलते आणि ताट चुंबकाला ओळखेनासं होतं. रुपयाच्या पोलादात निकेल नसतं, म्हणून तो चिकटतो. एक चुंबक आणि नाण्यावरचं साल एवढ्यावर एकाच नाण्याचे तीन जन्म वेगळे करता येतात; मला तर ही जादूच वाटते.

१९६२च्या त्या निकेलच्या रुपयाचं वजन बरोबर १० ग्रॅम. त्याच धातूतले पन्नास पैसे ५ ग्रॅमचे आणि पंचवीस पैसे अडीच ग्रॅमचे. म्हणजे ही तिन्ही नाणी एका पिशवीत कशीही मिसळून टाका आणि पिशवी तोला. एक किलो भरली तर आत शंभर रुपये आहेत. मोजायची गरज नाही. दशमान पद्धत नुकतीच आली होती, आणि कुणीतरी टांकसाळीत बसून हे गणित जमवलं होतं. पुढे इतकी सुबक व्यवस्था आपल्या नाण्यांत पुन्हा दिसली नाही, याची मला अजून खंत वाटते.

ती दशमान पद्धत लागू झाली १ एप्रिल १९५७ रोजी. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे होतात, आणि पाव पैशाचं नाणं तर नाही. म्हणून तक्ता निघाला: एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आण्याची वस्तू चारदा वेगवेगळी घेतली तर चोवीस पैसे, एकदम चार घेतल्या तर पंचवीस! लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्या नाण्यांवर हिंदीत उलगडूनच लिहिलेलं असे: एका नव्या पैशावर ‘रुपये का सौवां भाग’, पंचविसावर ‘रुपये का चौथा भाग’. १९६४ साली ‘नवा’ शब्द गेला आणि नुसता पैसा उरला. त्याच वर्षी ॲल्युमिनियमचा षट्कोनी तीन पैसा आला. पुढे चौकोनी एक पैसा, तोही ॲल्युमिनियमचा, पाऊण ग्रॅमचा. हातात धरला तरी धरल्यासारखा वाटत नाही.

धातू का बदलत गेले, याचं उत्तर दरवेळी एकच: धातू महागतो आणि नाण्यावरचा आकडा मात्र तिथेच राहतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४३ला तांबं वाचवायला पैशाच्या मध्यात भोकच पाडलं. तो ‘भोकाचा पैसा’ अजून कित्येक घरांत करदोट्यात ओवलेला सापडतो. १९९२ मध्ये आलेलं पाच रुपयांचं जाड नाणं ९ ग्रॅमचं, कुप्रोनिकेलचं. धातू इतका मोलाचा झाला की ती नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या आल्या. नाणं वितळवणं आपल्याकडे गुन्हा आहे, पण हिशेब कायद्यापुढे धावतो. मग पाचाचं नाणं आधी पोलादी झालं आणि नंतर पितळी. रुपयाचीही तीच तऱ्हा. १९६२ला २८ मिलिमीटर आणि १० ग्रॅम, १९७५ला ८ ग्रॅम, १९८३च्या सुमारास ६, १९९२ला ४.८५, २०११ला ३.७९, आणि २०१९च्या मालिकेतला तर जेमतेम ३ ग्रॅमचा. ३.७९ ग्रॅमवर आला तेव्हाही तो परवडत नव्हता: एक रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे खर्च येतो, असं मुंबईच्या टांकसाळीने माहितीच्या अधिकारात २०१८ साली सांगितलं होतं.

आता भिंग घ्या आणि सालाच्या आकड्याखाली पाहा. छोटासा हिरा, म्हणजे शंकरपाळ्यासारखा चौकोन, दिसला तर नाणं मुंबईचं. फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर ती टांकसाळ १८२९ पासून उभी आहे. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा, जी १९८८ला सुरू झाली. काहीच नसेल तर कोलकाता; सगळ्यांत जुनी टांकसाळ. आणि कधीकधी याहून वेगळं काही दिसतं. नाण्यांची इतकी टंचाई झाली होती की १९८५ साली सरकारने नाणी परदेशात पाडून घेतली. त्या वर्षीच्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी ‘एच’ आहे: बर्मिंगहॅमची हीटन टांकसाळ. १९८५च्याच दुसऱ्या काही रुपयांवर सालाच्या पहिल्या आकड्याखाली हिरा दिसतो. तो मुंबईचा नाही, वेल्समधल्या लँट्रिसंटचा. नव्वदीच्या शेवटी मेक्सिको आणि स्लोवाकियातल्या क्रेम्नित्साचीही नाणी आली. स्लोवाकियात जन्मलेला रुपया पहूरच्या स्टँडवर भज्यांच्या हिशेबात परत मिळतो, आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

काही नाणी मुद्दाम शोधावीत अशी आहेत. २००७चा रुपया, ज्यावर मूठ आणि वर केलेला अंगठा आहे, आणि त्याचा जोडीदार दोन बोटं दाखवणारा दोन रुपया: अक्षर न वाचताही किंमत कळावी अशी नृत्यमुद्रांची ती मालिका. भारताचा नकाशा असलेला अकरा बाजूंचा दोन रुपया, तोही आता गल्ल्यात क्वचितच दिसतो. आपल्या मुलखातली माणसं हवी असतील तर १९९० चे डॉ. आंबेडकर, १९९९ चे शिवाजी महाराज आणि ज्ञानेश्वर, २००२ चे तुकाराम, आणि २००७ चे लोकमान्य टिळक. यांतली बहुतेक एक, दोन वा पाच रुपयांचीच नाणी आहेत. अधिक खोलात जायचं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय, दोन्ही पाहण्यासारखी.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं द्या आणि लाखो रुपये न्या, असले व्हिडीओ मोबाइलवर फिरतात. ती नाणी २०१२ची आहेत आणि ढिगाने निघालेली आहेत. खरेदीच्या नावाखाली आधी ‘शुल्क’ भरायला लावून लोकांना लुबाडलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा असा वापर होतोय, अशी सूचना बँकेने स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये काढली होती. नाण्याला चिंच-लिंबू लावून चकचकीत करण्याच्याही भानगडीत पडू नका. जुनी झळाळी एकदा घासली गेली की जाणकार ते नाणं बाजूला सारतो.

पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, बाजारात कुणी घेत नाही तो भाग वेगळा. तेव्हा घराघरांतल्या डब्यांत पडलेलं चाराण्या-दहा पैशांचं ओझं भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी शाळेतल्या गुरुजींना एकदा विचारा. दोन पुठ्ठे, एक चुंबक आणि गावातून मागून आणलेली नाणी एवढ्यावर विज्ञानाचा आणि इतिहासाचा असा एक तास होतो की पोरं विसरत नाहीत. आणि नवे पैसे पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा शाळकरी असलेली माणसं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. एका आण्याचे सहाच पैसे मिळाल्यावर दुकानदाराशी काय भांडण झालं होतं, ते त्यांच्याकडून आत्ताच विचारून लिहून ठेवा.