कलम जगले तर पास

आंब्याचे कलम होते, चिकूचे होते, काजूचे होते. मग नारळाचे कलम का होत नाही? हा प्रश्न आपल्या नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहा. वनस्पतींच्या ऊतींवरचा पाठ तोंडपाठ असलेली मुलेही बहुधा गप्प बसतील. पण ज्याने एखादा पावसाळा रोपवाटिकेत काम केले आहे, तो मुलगा सांगेल, "आंब्याच्या सालीखाली ओला, बुळबुळीत थर असतो. नारळाला तो नसतो, मग जोडायचे काय?" त्याला कॅम्बियम हा शब्द कदाचित माहीत नसेल. वस्तू मात्र त्याने बोटाने चाचपलेली असते.

शेती, फळबाग आणि जमिनीची व्यवस्था यांचे व्यवसाय-शिक्षण म्हणजे कमी गुण मिळालेल्या मुलांची सोय, असा आपल्याकडे समज आहे. या शिक्षणात किती विज्ञान दडलेले आहे आणि कल्याणसारख्या वेगाने शहर होत चाललेल्या भागात त्याची गरज का आहे, ते आपण या लेखात पाहू.

मागणी जुनीच आहे

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे मूलभूत ज्ञान असावे असे म्हटले होते. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी नयी तालीम मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा आणि माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याचा आग्रह धरला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. त्यांत शेती आणि फळबागेचे विषयही होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसायाची ओळख सहावीपासूनच करून द्यावी असे सुचवले आहे.

म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे आपण तेच म्हणत आलो आहोत. अडचण आहे ती या विषयांकडे 'विज्ञान' म्हणून न पाहण्याची.

कल्याणभोवतीची तीन प्रकारची जमीन

कल्याण उल्हास नदीवर वसलेले आहे. येथून खाडीच्या दिशेने गेलो की भरतीचे पाणी शिवणारी खारी जमीन लागते. कल्याण-मुरबाडच्या गावांत बांध घातलेली भाताची खाचरे आहेत. आणखी पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत गेलो की उताराची, उथळ मातीची वरकस जमीन सुरू होते. एकाच जिल्ह्यात तीन जमिनी आणि तिन्हींचे प्रश्न वेगळे.

कोकणासाठीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली दापोली येथे स्थापन झाले. खाऱ्या जमिनीवरचे संशोधन पनवेलला चालते. भातासाठीचे कर्जतचे केंद्र तर १९१९ पासूनचे आहे, आणि तेही उल्हास नदीच्याच वरच्या अंगाला. शेतीचा चांगला अभ्यासक्रम या तिन्ही जमिनी समोर ठेवतो. प्रत्येकीतले एकेक काम घेऊन त्यातले विज्ञान पाहू.

खारी जमीन : मीठ धुऊन काढायचे कसे?

खाडीकाठी बांध घालतात आणि बांधाला 'उघाडी' ठेवतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने उघाडीचे दार मिटते. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते. पावसाच्या गोड्या पाण्यात मातीतले मीठ विरघळते आणि उघाडीवाटे निघून जाते. पाऊस थांबला की उलटे घडते. वरची माती वाळते, खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, पाण्याची वाफ होते आणि मीठ पृष्ठभागावर उरते. म्हणून उन्हाळ्यात खाजणात पांढरा थर दिसतो. बाष्पीभवन, द्रावण, केशाकर्षण आणि द्रवाचा दाब, असे चार धडे एका बांधावर शिकता येतात.

भात खाचर : गोळीचे गणित

खताचा युरिया शेतातल्या साचलेल्या पाण्यावर फेकला, तर त्यातला बराच नत्र पिकाला मिळत नाही. युरियापासून अमोनिया तयार होतो. दिवसा पाण्यातले शेवाळ कार्बन डायऑक्साइड वापरत असल्याने पाणी अल्कधर्मी बनते आणि अमोनिया हवेत उडून जातो. उरलेला काही पाण्याबरोबर वाहून जातो.

कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांच्या नावाशी जोडलेल्या 'चारसूत्री' भातशेतीत यावर साधा उपाय आहे. तूस-पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचे हिरवळीचे खत, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या, ही ती चार सूत्रे. गोळी (ब्रिकेट) चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. तेथे प्राणवायू नसतो, त्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होत नाही. ते मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळांना सावकाश मिळते.

लावणीचे अंतर आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर ठेवतात. त्यामुळे चार चुडांचा १५ × १५ सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो आणि त्याच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी जाते. आता मुलांना गणित घाला. दर चौकोनाच्या वाट्याला ४० × ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.१६ चौरस मीटर जागा येते. एका हेक्टरला गोळ्या किती?

१०,००० ÷ ०.१६ = ६२,५००.
खत किती? ६२,५०० × २.७ ग्रॅम = सुमारे १६९ किलो.

हेक्टरी १७० किलोची शिफारस ही अशी मुलांच्या वहीत तयार होते. शिफारस पाठ करणारा आणि ती काढून दाखवणारा, या दोघांतला फरक पुढे शेतात दिसतो. अंतर बदलले तर खत किती बदलेल, हे दुसरा स्वतःच सांगू शकतो.

वरकस जमीन : दोन झाडांचे एक झाड

१९९० साली महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि वरकसावर आंबा-काजूची लागवड मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. कलमांची मागणी वाढली. ती पुरवायला कोकणात दापोलीच्या विद्यापीठाची 'कोय कलम' पद्धत कामी आली.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आंब्याच्या कोयी रुजत घालतात. दोन-तीन आठवड्यांचे, तांबूस पानांचे कोवळे रोप घेऊन त्याचा शेंडा कापतात आणि खोडाला उभी चीर देतात. हव्या त्या जातीच्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात.

यात 'का' विचारण्याजोग्या जागा अनेक आहेत. काडीची पाने आठ-दहा दिवस आधी का काढतात? डोळे फुगावेत म्हणून. काम पावसाळ्यातच का? काडीला अजून पाणी पुरवणारे मूळ नसते. दमट हवेत ती लवकर सुकत नाही. चाकू धारदार का हवा? दोन्हींचे कॅम्बियम एकमेकांना नीट चिकटले तरच नव्या पेशी तयार होऊन रसवाहिन्या जुळतात. नारळ एकदलिकित आहे. त्याच्या खोडात असा सलग कॅम्बियमचा थर नसतो. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे.

आणि परीक्षा? ती महिन्याभराने झाडच घेते. वीस कलमांपैकी किती जगली, हे मोजायचे आणि मेलेली का मेली, ते वहीत लिहायचे. येथे कॉपी करता येत नाही.

जमीन मोजता येणे

जमिनीच्या व्यवस्थेचा एक भाग कागदावरचा आहे, आणि कल्याणच्या परिसरात तो सर्वांत निकडीचा आहे. आजोबा गुंठ्यांत बोलतात, सातबारावर हेक्टर-आर लिहिलेले असते आणि घेणारा चौरस फुटांत बोलतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे ३३ × ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. सातबारावर २० आर असतील तर २१,५२८ चौरस फूट झाले; २० गुंठे धरले तर २१,७८०. फरक २५२ चौरस फुटांचा, एका मोठ्या खोलीएवढा. शहर दाराशी आलेल्या गावात एवढ्या फरकावरून भाऊबंदकी होते.

जमीन विकावी की ठेवावी, हे शाळेने सांगायचे नाही. पण ज्या घरातल्या मुलाला सातबारा वाचता येतो, मातीचा सामू समजतो आणि वरकसावर काय येईल हे माहीत असते, त्या घरात हा निर्णय डोळे उघडे ठेवून होतो, असे आम्हाला वाटते.

असे शिकवणारी ठिकाणे

कोसबाडची टेकडी आपल्याला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणामुळे माहीत आहे. तेथेच गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र १९७६ पासून आहे. देशातले पहिले केंद्र पुदुच्चेरीला १९७४ साली निघाले, म्हणजे कोसबाडचे केंद्र अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून पालघरमध्ये आहे. करून शिकणे आणि पदवीची अट नसणे, हा या केंद्रांच्या प्रशिक्षणाचा पाया आहे.

दुसरे ठिकाण पुणे जिल्ह्यातील पाबळचे विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी मुंबईतील औद्योगिक संशोधनातील काम सोडून १९८३ साली ते सुरू केले. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य ही कामे तेथे शिक्षणाचे माध्यम मानली जातात. शाळांसाठीच्या त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस अशी कामे करतात आणि गावाला लागणाऱ्या सेवाही पुरवतात. काम खऱ्या गिऱ्हाइकासाठी असले की ते नीट होते, हे त्यामागचे सूत्र.

अर्थात अभ्यासक्रम काढला की प्रश्न सुटले, असे नाही. जमिनीचे तुकडे लहान आहेत आणि धो धो पावसाच्या या जिल्ह्यात मार्चनंतर अनेक पाड्यांत प्यायलाही पाणी नसते. पण रोपवाटिका, मोगऱ्याची लागवड, भातानंतरचा भाजीपाला, शहरातल्या बागांची निगा यांना कौशल्य लागते आणि कल्याणची बाजारपेठ जवळ आहे.

शाळेत करून पाहा

१. दोन सारख्या काठ्या वर बांधून खाली फाकवा आणि मध्ये आडवी काठी बांधा. टोकापासून दोरीला दगड लोंबता सोडा. दोरी आडव्या काठीला जेथे शिवते तेथे खूण करा. पाय उलटसुलट करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य ही समपातळीची खूण. आता ही चौकट उतारावर एकेक पाऊल सरकवत समपातळीची रेषा आखा. चर खणायचे ते याच रेषेवर.

२. शेताच्या बांधाची, खाचरातली आणि वरकसाची माती तीन बाटल्यांत पाण्यासह हलवून रात्रभर ठेवा. वाळू, पोयटा आणि चिकणमातीचे थर मोजा.

३. दोन कुंड्यांत भाताची रोपे लावून पाणी साचवा. एकीत चिमूटभर युरिया वर टाका, दुसरीत तेवढाच खोल खोचा. दर आठवड्याला पानांचा रंग नोंदवा.

४. एखाद्या पालकांच्या परवानगीने त्यांच्या सातबाराचा उतारा वर्गात वाचा आणि क्षेत्राचे तिन्ही एककांत रूपांतर करा.

यातल्या कोणत्याही कामाला प्रयोगशाळा लागत नाही. कमी गुणांच्या मुलांबरोबर पहिल्या बाकावरची मुलेही यात घ्या. वर्गात सहसा न बोलणारा, घरी नांगरामागे चालणारा मुलगा त्या दिवशी इतरांना शिकवताना दिसण्याची शक्यता आहे.